ओळखीचे डॉक्टर, कामाचे डॉक्टर

या खेपेला पत्रांचा गठ्ठा उघडला तर निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची. अमेरिकेत डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिसिन (तिथे एमडीप्रमाणेच पूर्ण डॉक्टर होण्याचा दुसरा रस्ता), शिकणारी आपली मुलं, त्यांचे आई-बाबा आणि नुकतेच रेसिडेन्सीला, म्हणजे पदवीनंतरच्या हॉस्पिटलातल्या प्रशिक्षणाला, लागलेले. सगळ्यांचा सूर एकच: आम्हाला मार्गदर्शन कोण करणार? म्हणून हा अंक त्यांच्यासाठी.

आधीच सांगते, मी स्वतः डीओ नाही. मिरजेहून एमबीबीएस करून इकडे आले, पुन्हा इंटर्नपासून सुरुवात केली, आणि आता पेनसिल्व्हेनियातल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेंट्सना शिकवते. आमच्या वॉर्डात वर्षभर डीओ कॉलेजांची मुलं रोटेशनला (आळीपाळीने एकेका विभागात काम शिकायला) असतात आणि रेसिडेंट्समध्येही डीओ बरेच. तेव्हा जे लिहिते ते राउंड्सच्या गाडीच्या दुसऱ्या बाजूने पाहिलेलं आहे. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

मुलगा डीओ कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. मंडळाच्या गणपतीत कोणीतरी विचारतंच, "एमडीला नाही का मिळाली ॲडमिशन?" ह्यांचं म्हणणं, ओळखीतल्या एका नावाजलेल्या कार्डिऑलॉजिस्टना सांगून त्यांना मुलाचा मेंटॉर करू. मुलगा नको म्हणतो आणि दार लावून घेतो. काय करावं?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

दार लावू द्या. त्याचं बरोबर आहे.

आधी गणपतीतल्या प्रश्नाचं बघू. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी मिझुरीतल्या कर्क्सव्हिल गावी पहिलं ऑस्टिओपॅथी कॉलेज काढलं ते १८९२ साली. त्यानंतर कित्येक वर्षं या डॉक्टरांना बाहेरच उभं केलं गेलं. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात तर ६५ डॉलर भरा, डीओ सोडा आणि एमडी लावा, असा सौदा झाला. १९६६ मध्ये लष्कराने दार उघडलं. प्रॅक्टिसचे पूर्ण हक्क देणारं शेवटचं राज्य मिसिसिपी, तेही १९७३ मध्ये. २०२० पासून एमडी आणि डीओ दोघांच्या रेसिडेन्सीला मान्यता देणारी संस्था एकच आहे, मॅच, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटण्याची पद्धत, एकच आहे, आणि आज या देशात मेडिकल शिकणाऱ्या चौघांतला एक तरी डीओ कॉलेजात असतो. हे सगळं आरतीच्या रांगेत सांगत बसू नका. "हो, डीओच करतोय, तुम्ही मोदक घ्या" एवढं पुरतं.

आता कार्डिऑलॉजिस्ट. सज्जन असतील, नाव मोठं असेल. पण तुमच्या मुलाला त्यांनी एका पेशंटजवळही उभं राहिलेलं पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याच्याविषयी त्यांना सांगण्यासारखं काही नाही. फार तर दोन दिवस त्यांच्या मागे फिरून काम बघता येईल. ते जरूर बघावं. त्याला मेंटॉर मात्र म्हणू नका.

दुसऱ्या वर्षात त्याच्यापुढचा प्रश्न वेगळाच आहे. डीओच्या मुलांना कोमलेक्स ही त्यांची परीक्षा द्यावीच लागते. तिचा पहिला टप्पा २०२२ पासून नुसता पास-नापास आहे. एमडीवाल्यांची स्टेप वन ही परीक्षाही त्याच वर्षापासून तशीच झाली. आता कोमलेक्सबरोबर स्टेपही द्यायची का? दिली तर दोन्ही टप्पे की फक्त दुसरा, ज्याला अजून मार्क असतात? कोणत्या शाखेचे प्रोग्रॅम नुसत्या कोमलेक्सवर समाधान मानतात? तीस वर्षांपूर्वी शिकलेल्या माणसाला हे सांगता यायचं नाही. सांगू शकेल ती त्याच्याच कॉलेजातली, दोन वर्षं पुढची, त्याला हव्या त्या शाखेत आत्ताच मॅच झालेली मुलगी. तिचा फोन नंबर त्याच्याकडे बहुतेक आहेच. तुम्ही फक्त रविवारी दुपारी त्याला जेवायला घाला आणि परीक्षेचं काही विचारू नका.

नात डीओ करते आहे असं ऐकलं. लंडनला माझ्या पाठीला एका ऑस्टिओपॅथने मालिशवजा काहीतरी केलं होतं, तो डॉक्टर नव्हता. मग हीसुद्धा तेच होणार का?
— एक आजोबा, पुणे

नाही, आजोबा. इंग्लंडमधला ऑस्टिओपॅथ हाताने उपचार करतो, औषधं लिहून देत नाही. अमेरिकेतला डीओ चार वर्षं मेडिकल कॉलेज आणि मग रेसिडेन्सी करून पूर्ण डॉक्टर होतो. तो बायपास करतो, भूल देतो, बाळंतपणं करतो. हाताने तपासणं आणि उपचार करणं त्याला वर शिकवलेलं असतं. नात सुट्टीला आली की पाठ दाखवा, ती आनंदाने बघेल.

काकू, हे पत्र आईने मराठीत लिहून दिलंय. मी तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल नाही. सर्जरी एका गावात, मेडिसिन दुसऱ्या, पीडियाट्रिक्स तिसऱ्याच. चार आठवड्यांत कोणी ओळखायला लागतं न लागतं तोच गाडीत सामान भरायचं. सगळे म्हणतात "मेंटॉर शोध." कुठे शोधू? आणि शिफारसपत्रं कोण देणार?
— एक विद्यार्थिनी, ओहायो

तुझा प्रश्न सगळ्यात खरा आहे, म्हणून सगळ्यात लांब उत्तर तुला.

ज्या कॉलेजांना स्वतःचं मोठं हॉस्पिटल असतं तिथली मुलं तेच चेहरे वर्षानुवर्षं बघतात. लिफ्टमध्ये प्रोग्रॅम डायरेक्टर भेटतो, कॅन्टीनमध्ये रेसिडेंट भेटतो, ओळख आपोआप होते. डीओ कॉलेजांपैकी बऱ्याच ठिकाणी दोन वर्षं कॅम्पसवर जातात आणि मग मुलं लहान-मोठ्या गावांतल्या हॉस्पिटलांत पांगतात. कधीकधी तर एकटाच डॉक्टर, त्याचं क्लिनिक आणि तू. तुझी हुशारी कुठेही कमी पडलेली नाही. तुला सलग पाहणारं कोणी नाही, एवढीच अडचण आहे, आणि ती सलगता तुलाच जमवावी लागणार.

पहिल्या सोमवारी "माझे मेंटॉर व्हाल का?" असं कुणालाही विचारू नकोस. या प्रश्नाला समोरचा "हो" म्हणतो आणि विसरतो. लहान काम माग. "शुक्रवारी माझं एक प्रेझेंटेशन नीट ऐकून त्यात काय बदलू ते एकच सांगाल का?" याला कुणी नाही म्हणत नाही. मग पुढच्या आठवड्यात ते बदलून दाखव. बदललेलं दाखवणं हे मुलं विसरतात, आणि आम्ही अटेंडिंग लोक, म्हणजे शिकवणारे वरिष्ठ डॉक्टर, त्यालाच भुलतो.

आमच्या वॉर्डातल्या एका विद्यार्थिनीचं सांगते. हार्ट फेल्युअरचा पेशंट सादर करताना ती सोडियम, पोटॅशियम, चेस्ट एक्स-रे असं सगळं वाचत जायची आणि पेशंट आज बरा आहे की वाईट, हे पाचव्या मिनिटाला कळायचं. मी म्हटलं, पहिल्या वाक्यात मला दोनच गोष्टी हव्यात: तो इथे का आहे, आणि कालच्यापेक्षा आज कसा आहे. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बहात्तर वर्षांचे गृहस्थ, हार्ट फेल्युअर. काल फ्युरोसेमाइड दुप्पट केल्यावर वजन दोन किलोने उतरलंय, पायांची सूज गुडघ्याखाली आली, पण क्रिएटिनिन चढतंय. तेव्हा आजचा प्रश्न, डोस तसाच ठेवायचा की कमी करायचा." म्हणजे औषधाने अंगातलं पाणी उतरतंय, पण मूत्रपिंडावर ताण येतोय. माझ्या बरोबरचा रेसिडेंट फोनमधून डोकं वर काढून बघायला लागला. पुढे तिने शिफारसपत्र मागितलं तेव्हा मला "मेहनती, मनमिळाऊ, वक्तशीर" असलं काही लिहावं लागलं नाही. असली पत्रं आम्ही निवडसमितीत ढिगाने वाचतो आणि बाजूला ठेवतो. मी फक्त ते दोन दिवस लिहिले.

पत्र मागायची वेळ रोटेशनच्या शेवटच्या आठवड्यात. सहा महिन्यांनी ईमेल करशील तर तुझा चेहराही आठवणार नाही. आणि विचारायचं कसं, तर "माझ्याबद्दल ठोस लिहिता येईल इतकं तुम्ही मला पाहिलंय असं वाटतं का?" समोरचा जरासा जरी घुटमळला तरी आभार मानून विषय सोड. कोमट पत्रापेक्षा पत्र नसलेलं परवडतं. "हो" आलं तर त्याच दिवशी सीव्ही आणि अर्धं पान टिपण पाठव: कोणत्या केसवर आपण बोललो, तुम्ही काय सुचवलंत, मी काय केलं. पेशंटचं नाव-गाव त्यात येता कामा नये. पत्र वाचायचा हक्क सोडून दे, नाहीतर वाचणाऱ्याला ते पत्र मोकळेपणाने लिहिलेलं वाटत नाही. अर्ज प्रोग्रॅम्सना सप्टेंबरच्या अखेरीस उघडतात, म्हणून ऑगस्टमध्ये एक नम्र आठवण. काही प्रोग्रॅमना एक पत्र डीओ डॉक्टरचंच लागतं. ते आधी बघून ठेव, ऐनवेळी धावाधाव होते.

चौथ्या वर्षाच्या सुरुवातीला जिथे रेसिडेन्सी हवी तिथेच महिनाभर राबायला जातात, ती ऑडिशन रोटेशन्स. तुझ्यासारख्या पांगलेल्या मुलांना याचा फायदा जास्त, कारण निवड करणारी माणसं स्वतःच तुला बघतात. पण भाड्याची खोली, पेट्रोल, दुसऱ्या राज्यातलं रोजचं खाणं हे सगळं खिशातून. चार-पाच ठिकाणी फिरण्यापेक्षा दोन नीट निवड. कॉलेजने दिलेल्या सल्लागाराला विचार की आपली मागच्या तीन वर्षांची मुलं कुठे मॅच झाली आणि तिथे आत्ता कोण आहे. ही यादी बहुतेक कॉलेजांकडे असते. तीतल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला दोन ओळींचा मेसेज टाक. उत्तर रात्री अकरा वाजता येईल, पण येईल.

जुन्या प्रिसेप्टर्सशी, म्हणजे रोटेशनवर शिकवणाऱ्या डॉक्टरांशी, धागा ठेवायचा तर दर तीन-चार महिन्यांनी दोन ओळी. दिवाळीचे फॉरवर्ड नकोत. "तुम्ही सुचवलेलं वाचलं, या महिन्यात ईआरमध्ये (तातडीच्या विभागात) कामाला आलं," असं काहीतरी. यातले दोघं उत्तर देणार नाहीत, तिसरा देईल, आणि तो पुढे दहा वर्षं देत राहील.

एक कडू गोष्टही. तू पत्रात शाखेचं नाव लिहिलेलं नाहीस. डीओंच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचा मॅच होण्याचा दर अलीकडे ९२ टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे एमडीवाल्यांच्या अगदी जवळ. पण तो सगळ्या शाखा मिळून. त्वचारोग, न्यूरोसर्जरी, प्लॅस्टिक सर्जरी इथे डीओंचं पारडं अजूनही हलकं आहे. "तू कर गं, सगळं मिळतं," म्हणणारा माणूस गोड वाटतो. मला तो नको असतो. तुझे मार्क, तुझी रोटेशन्स समोर ठेवून "हे जमेल, ते अवघड आहे, आणि अवघड हवंच असेल तर दुसरा अर्ज अमुक शाखेला टाक," असं सांगणारा शोध.

इंटर्न आहे, इंटर्नल मेडिसिन. कॉलेजात ओएमटी (हाताने करायचे ऑस्टिओपॅथिक उपचार) मनापासून शिकलो, पण प्रोग्रॅममध्ये ते कोणी करत नाही. हात विसरायला लागले. रात्री वॉर्डात एखाद्या पेशंटच्या बरगड्यांवर हात ठेवावासा वाटतो. ठेवू का?
— एक रेसिडेंट, मिशिगन

रात्री एकट्याने नको. हाताने केलेला उपचार हाही उपचारच. त्याला ऑर्डर लागते, पेशंटची संमती लागते, नोट लागते, आणि तुझ्यावर देखरेख करायला त्या कामाची परवानगी असलेला अटेंडिंग लागतो. तुझ्या हॉस्पिटलात तो मेडिसिनमध्ये नसेल तर फॅमिली मेडिसिनच्या क्लिनिकमध्ये बघ. तिथे आठवड्यातली एक दुपार ओएमटीसाठी राखलेली असते अशी बरीच ठिकाणं आहेत. तुझा इलेक्टिव्ह (आपल्या निवडीचा) महिना तिथे मागून घे. काही प्रोग्रॅमना ऑस्टिओपॅथिक रेकग्निशन नावाची वेगळी मान्यता असते; तुझ्या प्रोग्रॅमला ती नसली तरी शेजारच्याला असू शकते. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑस्टिओपॅथीचं वार्षिक संमेलन मार्चमध्ये असतं. तिथे एकदा गेलास की तुझ्यासारखे आणखी भेटतील.

एमडी अटेंडिंगपुढे हा विषय काढशील तेव्हा भक्त बनून जाऊ नकोस. न्यूमोनिया झालेल्या वयस्कांवर ओएमटी करून पाहणारा मॉप्सी नावाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या रुग्णांचा हिशेब केला तेव्हा ठळक फरक दिसला नाही. ठरलेला उपचार पूर्ण घेतलेल्यांपुरतं पाहिलं तेव्हा नुसत्या नेहमीच्या उपचारांच्या मानाने हॉस्पिटलातले दिवस कमी झाले, पण नुसता हलका स्पर्श केलेल्या गटाशी ताडल्यावर तो फरक टिकला नाही. हे असं दोन्ही बाजूंनी सांगणाऱ्या इंटर्नला मी तरी खुर्ची देते. "आमच्यात असं करतात" म्हणणाऱ्याला नाही.

दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट आहे. साइन-आउट करून (पेशंट पुढच्या पाळीला सोपवून) गाडीत बसते आणि चावी फिरवायचंही त्राण नसतं. झोप लागत नाही, पेशंटचं काही वाटेनासं झालंय. प्रोग्रॅमने नेमून दिलेल्या मेंटॉर असोसिएट प्रोग्रॅम डायरेक्टर आहेत. छान आहेत. पण त्यांना सांगितलं तर माझ्या फाइलीत जाईल का? आणि पुढे लायसन्सला अडेल का?
— नाव-गाव नको

तुझी भीती अस्थानी नाही. असोसिएट प्रोग्रॅम डायरेक्टर बहुधा मूल्यमापन समितीवर असतात. ती समिती वर्षातून निदान दोनदा बसते आणि प्रत्येक रेसिडेंटविषयी बोलते. बाई कितीही छान असल्या तरी एका डोक्यात दोन वह्या वेगळ्या ठेवणं त्यांनाही कठीण. रेसिडेन्सीत मेंटॉर नेमून देतात त्यातली ही गोची मला कधीच पटलेली नाही: ज्याच्या हातात तुमचं प्रगतिपुस्तक आहे त्याच्याचपाशी मन मोकळं करा म्हणायचं. आमच्याकडे या दोन जागा वेगळ्या माणसांना द्या, म्हणून मी बरीच भांडले आहे.

तेव्हा त्यांच्याकडून अभ्यास, फेलोशिप, रिसर्च एवढं घे. बाकीचं दुसरीकडे. प्रोग्रॅमला मान्यता देणाऱ्या एसीजीएमईचा नियमच आहे की रेसिडेंटला गोपनीय आणि परवडणारी मानसिक आरोग्यसेवा मिळाली पाहिजे, तातडीची असेल तर चोवीस तास. डॉक्टरकडे जायला कामाच्या वेळेतून सुट्टी मिळाली पाहिजे, हाही नियम आहे. हॉस्पिटलच्या जीएमई ऑफिसात (रेसिडेन्सीचा कारभार बघणाऱ्या) फोन करून एवढंच विचार: "रेसिडेंट्ससाठी गोपनीय समुपदेशन कुठे आहे?" नाव सांगायची गरज नाही. बऱ्याच ठिकाणी रेसिडेंट्सची गाऱ्हाणी ऐकायला प्रोग्रॅमबाहेरचा माणूसही नेमलेला असतो.

कामाचे तास खरे लिही. चार आठवड्यांची सरासरी आठवड्याला ८० तासांच्या वर जात असेल तर ती वहीत दिसली पाहिजे. ७९ लिहून प्रोग्रॅमवर उपकार करू नकोस.

लायसन्सचं: काही राज्यांचे अर्ज पूर्वी "कधी मानसिक उपचार घेतलेत का" असं सरसकट विचारायचे. न्यूयॉर्कच्या ईआरमधल्या डॉ. लोर्ना ब्रीन एप्रिल २०२० मध्ये गेल्या. उपचार घेतले तर करिअर जाईल, ही धास्ती त्यांना होती असं त्यांच्या घरच्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. डॉक्टर-नर्सेसच्या मानसिक आरोग्यासाठी त्यांच्या नावाचा कायदा २०२२ मध्ये झाला. तेव्हापासून बऱ्याच राज्यांनी अर्ज बदलले, आणि आता प्रश्न साधारणपणे एवढाच असतो की आज तुमच्या कामात अडथळा येईल असं काही आहे का. तुझ्या राज्याचा अर्ज लायसन्स देणाऱ्या बोर्डाच्या संकेतस्थळावर आहे. उतरवून शब्दन् शब्द वाच, ऐकीव गोष्टींवर जाऊ नकोस.

घरी सांगायचं का, हे तू विचारलं नाहीस, पण ओळींमधून दिसलं. आईला सांग. ती आधी "सोडून ये" म्हणेल, मग "सगळेच करतात गं" म्हणेल, दोन्ही एकाच फोनवर. तिसऱ्या फोनला ती ऐकायला लागेल. आणि स्वतःला काही करून घ्यावं असा विचार एकदा जरी डोकावला असेल तर हा अंक बाजूला ठेव आणि आत्ता ९८८ ला (अमेरिकेतल्या आत्महत्या-प्रतिबंध मदतवाहिनीला) फोन कर. मला पुन्हा लिही, संपादकांकडे माझा पत्ता आहे.

मी भूलतज्ज्ञ, आता आठवड्यातून तीनच दिवस काम करतो. मंडळातल्या मेडिकलच्या मुलांसाठी झूमवर व्याख्यानमाला सुरू करावी म्हणतो. पहिलं व्याख्यान "माझा प्रवास". कसं वाटतं?
— ह्यूस्टन, टेक्सस

व्याख्यानमाला नको, डॉक्टरसाहेब. मुलं कॅमेरा बंद करून जेवतात.

तुमच्याजवळ वेळ आहे आणि इंग्रजी वाचून चुका काढायची सवय आहे, हे दोन्ही मोलाचं. ऑगस्टमध्ये मुलांची पर्सनल स्टेटमेंट्स (रेसिडेन्सीच्या अर्जातलं स्वतःविषयीचं लेखन) वाचा. "लहानपणी आजोबांचा हात धरून" अशी सुरुवात दिसली की खोडा. रेसिडेन्सीच्या मुलाखती साधारण ऑक्टोबर ते जानेवारी चालतात आणि हल्ली बहुतेक व्हिडिओवरच होतात, म्हणून सप्टेंबरात दोन शनिवार मॉक इंटरव्ह्यूसाठी ठेवा. एका मुलाला अर्धा तास, त्यात तुम्ही बोलायचं पाच मिनिटं. "डीओ का निवडलंत?" हा प्रश्न हमखास विचारा. खरोखरीच्या मुलाखतीतही तो येतो, आणि मुलं एकतर बचाव करत बसतात नाहीतर भाषण देतात. एका पेशंटची गोष्ट सांगून दोन मिनिटांत थांबता आलं पाहिजे. कोमलेक्स, ऑडिशन यातलं तुम्हाला विचारलं तर आत्ता रेसिडेन्सीत असलेल्या कुणाशी तरी गाठ घालून द्या. ह्यूस्टनमध्ये अशी मुलं भरपूर आहेत, आणि त्यांना घरचं जेवण हवंच असतं.

आई-वडिलांना मात्र मॉक इंटरव्ह्यूच्या खोलीत बसू देऊ नका. बसलेच तर चहा करायला पाठवा.